जावई बघायला मॅटिनीला

आमच्या घरच्यांनी मला आलेलं एक स्थळ सिनेमा बघून नाकारलं. मुलाला सिनेमाचा नाद होता असं नव्हे. मुलगा त्या सिनेमात होता. हे सांगायला लागले की लोकांना आधी हसू येतं आणि मग ते विचारतात, नट होता का? नट असता तर एक वेळ बरं झालं असतं. नटाला आमच्याकडच्यांनी निदान ओळखलं असतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी कल्याणला मुलींच्या एका शाळेत गणित शिकवत होते आणि आम्ही डोंबिवलीला चाळीत राहत होतो. डोंबिवली तेव्हा लहान होती. स्टेशनच्या आसपास थोडी घरं, त्यापुढे विहिरी आणि भातखाचरं, आणि या सगळ्याच्या मधोमध मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीला जाणारे आमचे लोक. या लोकांना आपण फार शिकलेले आहोत असं वाटे. इंग्रजी वर्तमानपत्र काखेत घालून घरी परतणारा प्रत्येक जण जगातल्या लढायांवर मत द्यायला मोकळा असे. माझे वडील त्यातलेच. कोणत्या सेनापतीने कुठे चूक केली हे ते जेवताना सांगत, आणि पानात पाल पडली तर आईला हाका मारत.

माझं लग्न हा तेव्हा सगळ्या चाळीचा विषय होता. बघायला येणाऱ्यांची तऱ्हा काय सांगावी! कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातल्या एका साहेबाने पोहे पुन्हा मागून घेतले आणि जाताना जिन्यातच सांगितलं की मुलगी उंच आहे. एकाच्या आईने मला सुईत दोरा ओवायला लावला. एकाच्या मामांनी एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला. मी म्हटला. मामांना स्वतःला तो येत नसावा, कारण ते मध्येच "छान, छान" म्हणाले आणि पान जमवायला लागले. या सगळ्यांनी मला नाकारलं, आणि त्यांच्यापैकी एकही मला पसंत नव्हता, पण ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

शाळेत माझ्याबरोबर ठाण्याची एक बाई हिंदी शिकवायची. माझ्याच वयाची, हसरी, आणि माझी एकुलती एक मैत्रीण. तिचा मोठा भाऊ लष्करात बिनतारी यंत्रावर होता. तिने घरी माझ्याबद्दल सांगितलं आणि एके दिवशी तिची आई भावाचा फोटो घेऊन आपण होऊन आमच्याकडे आली. मुलाकडच्यांनी आपण होऊन यायचं हीच आमच्या घरात पहिली संशयाची गोष्ट झाली. मुलात काहीतरी खोट असल्याशिवाय असं कोण करेल, असं आत्याचं म्हणणं पडलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा. फोटो स्टुडिओतला होता. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा, आणि पुढे भांग पाडलेला, मिशी नसलेला, जरा ओशाळलेला एक तरुण. मला तो ओशाळलेपणा आवडला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रिणीने मला पाण्याच्या पिंपापाशी गाठलं.

"दादाने मला बजावलंय," ती म्हणाली, "मुलीला एकटीला गाठून विचार. लष्करातला माणूस तिला चालेल का? वर्षातून एकदा घरी येणारा, कुठे आहे ते सांगता न येणारा. ती हो म्हणाली तरच रजा घेऊन येतो. तिच्या वडिलांना विचारू नकोस म्हणाला, तिलाच विचार."

मला इतका आनंद झाला की पुढच्या तासाला मी मुलींना लसावि सांगता सांगता मसावि काढून दाखवला. माझी उंची, माझा रंग, माझी सुई, माझे पाढे यांच्यावर इतक्या जणांनी मत दिलं होतं, आणि माझं मत विचारणारा हा पहिलाच माणूस. उत्तर तर तिथे पिंपापाशीच तयार होतं. पण आपल्यालाही कुणी विचारलंय, आपणही विचार करून सांगणार आहोत, ही चैन मला थोडी उपभोगायची होती. सोमवारी सांगते, असं मी तिला म्हटलं.

मधे रविवार आला.

त्याच आठवड्यात कल्याणच्या थिएटरला लढाईचा एक सिनेमा लागला होता. दोन्ही बाजूंना रंगीत फळ्या बांधलेला टांगा डोंबिवलीपर्यंत फिरला होता आणि त्यातला माणूस कर्ण्यातून ओरडत होता, "खरे जवान! खऱ्या तोफा! खरे रणगाडे!" मुलाच्या आईने बोलता बोलता सांगितलं होतं की सिनेमावाल्यांनी त्यांच्या मुलाची अख्खी पलटणच त्यात घेतली आहे, तोही आहे. त्या बिचारीने हे कौतुकाने सांगितलं. आत्याने ते उचललं.

"मग मुलगा यायची वाट कशाला बघायची?" ती वडिलांना म्हणाली. "सिनेमातच बघून येऊ. नीट सगळ्या बाजूंनी दिसेल."

वडिलांना ही कल्पना फार व्यवहारी वाटली. रविवारच्या मॅटिनीला जायचं ठरलं. वडील, आई, आत्या, शेजारच्या खोलीतले हेडक्लार्क आणि चाळीची मालकीण. मालकीण म्हणजे इथल्याच जुन्या शेतकरी घरातली म्हातारी, जिच्या खाचरावर आमची चाळ उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्या चाळीतला जावई आपण बघायला नको का, म्हणून तीही निघाली. सगळे लग्नाला निघाल्यासारखे नटले. वडिलांनी कोट घातला. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसून फोटो पिशवीत घेतला, पडद्यावरच्या चेहऱ्याशी ताडून बघायला.

मला नेलं नाही. मुलीने मुलगा बघायला जायची पद्धत नाही, असं आत्या म्हणाली. नवरा माझा व्हायचा होता, बघून येणार ते होते, आणि मी घरी बसून त्यांच्यासाठी पिठलं-भात करत होते.

दिवेलागणीला मंडळी परतली आणि चपलासुद्धा न काढता गॅलरीत बसली. मी पाण्याचे तांबे नेऊन ठेवले आणि दाराशी उभी राहिले.

सुरुवात हेडक्लार्कांनी केली. हे गृहस्थ दर वर्षी गणेशोत्सवातल्या नाटकात काम करत आणि शेवटच्या अंकात मरत. त्यामुळे मरण या विषयावर त्यांचा शब्द चाळीत अखेरचा मानला जाई.

"खऱ्या सैनिकांना घेण्यात मोठी चूक झाली," ते म्हणाले. "अहो, त्यांना मरताच येत नाही! गोळी लागली की धपकन खाली. छातीवर हात नाही, एक शब्द नाही, काही नाही. पोतं पडावं तसं पडतात. प्रेक्षकाला कळणार कसं की हा मेला?"

"संवादही पाठ केल्यासारखे," वडील म्हणाले.

"आणि एक गाणं नाही मेलं!" आत्या म्हणाली. "नुसतं धाड धाड. माझं तर डोकं उठलं."

ज्या माणसांनी शेजारचा माणूस खरोखर पडताना पाहिला होता ते चुकीचे पडले, आणि आमचे हेडक्लार्क मंडपात बाकावर गादी टाकून बरोबर पडत. मला त्या क्षणी त्या सगळ्यांची किळस आली, आणि आजही ती गॅलरी आठवली की येते. पण मला सिनेमाशी काही घेणं नव्हतं. मी विचारलं, "दिसला का?"

"दिसला ना," वडील म्हणाले. "चांगला दिसला. आणि दिसला तेच बरं झालं. हल्ल्याचा हुकूम सुटायच्या आधीच हा पुढे धावला. मिशीवाला, कडेचा. ज्याला हुकुमाची वाट बघवत नाही तो संसार काय करणार?"

"फोटोत मिशी नाही," मी म्हटलं.

"मिशी काय, वाढवता येते."

"मिशीवाला कुठला?" आत्या वडिलांवर उखडली. "तो ओढ्याकाठी मेला तो! पाणी मागत होता बघ, आणि पाणी यायच्या आत गेला. नाक अगदी फोटोतलं होतं. मला तर बाई भरूनच आलं. ज्याचं मरण आपण डोळ्यांनी बघितलं, त्याच्या पायावर पाणी कसं घालायचं?"

"अहो, ते तुमचे दोघेही नव्हेत," हेडक्लार्क म्हणाले. "आचाऱ्याच्या तंबूत डाव घेऊन दात काढत उभा होता तो. मी फोटो नीट लक्षात ठेवला होता. लढाई चालली आहे आणि हा हसतोय! गांभीर्य म्हणून नाही."

फोटो तिथे काढलाच नव्हता का, असं मी विचारलं. काढला होता म्हणे. अंधारात दिसेना म्हणून मध्यंतरात दिवे लागल्यावर काढला, पण तेव्हा पडदा रिकामा होता. हे सांगताना आत्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मालकीण कोपऱ्यात पाय चोळत बसली होती. ती म्हणाली, "मना तं तो उंच पोऱ्या आवरला. लई बेस हाय." पण हा आवडलेला उंच पोऱ्या कोणता हे तिला सांगता येईना, आणि तिचं मत चाळीच्या भाड्यापुरतंच विचारात घेतलं जात असे.

तोफांच्या आवाजाने आई बहुतेक वेळ डोळे मिटून बसली होती.

आता खरं तर कुणाच्याही लक्षात यावं की इथे तीन शहाण्यांनी तीन वेगळी माणसं पाहिली आहेत. एकाने मिशीवाल्याला नापसंत केलं, दुसरीने मेलेल्याला, तिसऱ्याने आचाऱ्याला. पण यावर त्यांचं भांडण झालं नाही. माणूस कोणता याबद्दल दुमत होतं, नकाराबद्दल एकमत होतं, आणि आमच्याकडे एकमत झालं की पुढे काही बघायचं नसतं.

मी बोलले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही नेमकं कुणाला बघितलंत हे तुमचं तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

वडिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तू बघितलास का सिनेमा?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कांना ठाण्याला काम होतं. त्यांच्याबरोबर निरोप गेला की पत्रिका जमत नाही. नकार देताना आमच्याकडे पत्रिका जमत नाही असंच म्हणायची रीत होती. त्यात कुणाचा अपमान होत नाही असं मानत, दोष ग्रहांवर जातो आणि माणसं नामानिराळी राहतात.

सोमवारी मी शाळेत गेले ती घरच्यांच्या नाकावर टिच्चून हो सांगायचं ठरवूनच. मैत्रीण आली नव्हती. तिला ताप होता. मग कळलं की टायफॉइड आहे. पुढे कितीतरी आठवडे तिचे तास आम्ही बाकीच्या बायका वाटून घेत होतो. मी तिला बघायला ठाण्याला निघाले तर वडील दारात आडवे आले. नकार कळवलेल्या घराची पायरी मुलीने चढायची नाही, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे कोण, तर हेडक्लार्क. मी चप्पल काढून आत आले आणि त्या दिवशी घरात कुणाशी बोलले नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मैत्रीण परत आली ती निम्मी होऊन. केस गळून वेणी बोटाएवढी राहिली होती. सकाळी ती माझ्याशी बोलली नाही. मधल्या सुट्टीत मात्र आपण होऊन समोर येऊन उभी राहिली.

"एक विचारू? तुझ्या वडिलांनी पत्रिका जमत नाही असं कळवलं. आम्ही पत्रिका दिलीच कुठे होती? आमच्याकडे दादाची पत्रिकाच नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. मॅटिनी, पिशवीतला फोटो, मिशीवाला, ओढ्याकाठचा, आचारी. ती ऐकत होती, आणि मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही.

"अगं, पण दादा दिसतच नाही त्यात!"

"म्हणजे?"

"चल, दाखवते तुला."

सिनेमा लोकाग्रहास्तव पुन्हा लागला होता. लोकांना तो आवडला होता म्हणे. शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. आम्ही दोघी शाळेतून परस्पर गेलो आणि बायकांच्या बाकांवर बसलो. मागच्या बाईने सगळा वेळ मुलाला शेंगा सोलून भरवल्या. पुढे कुणी तरी "हा बघ आता मरतो" असं आधीच सांगत होतं. मिशीवाला पुढे धावला. ओढ्याकाठी एक जण पाणी मागत मेला. आचारी हसला. मी त्या तिघांकडेही नीट बघून घेतलं. चांगली माणसं दिसत होती. त्यांना काय ठाऊक की डोंबिवलीच्या एका गॅलरीत आपल्याला नापसंत केलंय!

मग माळावरून धूळ उठली आणि रणगाडे आले.

"पुढून दुसरा," मैत्रिणीने माझा हात दाबला. "आत आहे दादा. बिनतारी यंत्र रणगाड्याच्या पोटात असतं. तो आत बसतो, कानाला लावून. बाहेरचं त्याला काही दिसत नाही, आणि बाहेरच्यांना तो. सगळ्यांचं ऐकायचं आणि पुढे सांगायचं, एवढंच काम."

मी बघितलं. चिखलाने माखलेलं लोखंड होतं, बाकी काही नाही. ते हेलकावे खात डावीकडून आलं आणि उजवीकडे गेलं. त्याच्या पोटात उकाड्यात एक माणूस बसून ऐकत होता. ऐकून घेणं हे कुणाचं काम असू शकतं, हे आमच्या घरात कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मागच्या बाईला वाटलं, मी लढाईला घाबरले. तिने माझ्या हातावर दोन शेंगा ठेवल्या.

बाहेर आल्यावर उन्हात उभं राहून मी म्हटलं, "दादाला कळव. त्याने मला विचारलं होतं ना, त्याचं उत्तर. मला चालतो."

मैत्रिणीने पदर डोक्यावर ओढून घेतला, गळलेले केस झाकायला ती हल्ली तसं करायची.

"मी आजारी असताना आईने ठाण्यातलीच एक मुलगी ठरवली," ती म्हणाली. "तुमच्या निरोपाचा तिला फार राग आला होता. सुपारी फुटली गं. माघात लग्न आहे."

माझ्या मुठीत त्या दोन शेंगा अजून तशाच होत्या.

"दादाने आईला एवढंच विचारलं होतं," ती खाली बघत म्हणाली, "की नकार मुलीचा की घरच्यांचा? आईने कळवलं, मुलीचा."

त्या माणसाला मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तो मला जन्मभर नाही म्हणणारी म्हणून ओळखणार होता. मला भयंकर संताप आला. मैत्रिणीचा राग नव्हता, तिच्या आईचाही नव्हता. कोट घालून मॅटिनीला गेलेल्या त्या मंडळींचा होता. खाटकाच्या दुकानात बोकड निवडणारं गिऱ्हाईकसुद्धा कोणता बोकड ते बोट करून दाखवतं.

घरी पोचले तेव्हा हेडक्लार्क आमच्याकडे चहाला आले होते. उशीर का झाला, असं वडिलांनी विचारलं.

"सिनेमाला गेले होते. तुम्ही गेला होतात त्याच."

आत्याच्या हातातली वात वळायची थांबली.

"मुलगा रणगाड्यात होता," मी म्हटलं. "आत. सबंध सिनेमात त्याचं तोंड कुठेही दिसत नाही. तुमच्यापैकी कुणीही त्याला पाहिलेलं नाही."

मला वाटलं होतं, निदान क्षणभर तरी कुणी खाली बघेल. वडील उलट रागावले.

"मग हे त्या लोकांनी आधी सांगायला नको? आम्ही उगाच तीन तास डोळे फोडले!"

"तोंडसुद्धा दाखवलं नाही मेल्याने," आत्या म्हणाली. "बघ, मी म्हणत होते ना, काहीतरी खोट असणार."

हेडक्लार्कांनी बशीतला चहा संपवला आणि ओठ पुसले. "रणगाड्यांची कामं मात्र चांगली झाली आहेत हं," ते म्हणाले.

मी आत गेले. चुलीपाशी आई एकटीच होती. तिने बाहेरचं सगळं ऐकलं असणार, पण तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पाट पुढे सरकवला आणि हळूच, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तुला कसा वाटला गं?"

"पसंत होता," मी म्हटलं.